म्हैसूरची गाडी कोल्हापूरला

हौशी : म्हैसूरला घेतलेली जुनी गाडी चालवतच कोल्हापूरला आणावी, असं माझं सरळ म्हणणं आहे. मी येझदी रोडकिंगबद्दल बोलतोय. आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९६१ साली सुरू झाला, रोडकिंग १९७८ साली आली आणि १९९६ साली कारखान्याला टाळं लागलं. म्हणजे आज विकायला निघालेली यातली सगळ्यात अलीकडची गाडीसुद्धा तिशीच्या घरात आहे. इतक्या जुन्या गाडीबद्दल विकणारा फोनवर जे सांगतो, त्यातलं निम्मं त्यालाही पक्कं ठाऊक नसतं. तो लपवतोच असं नाही. गल्लीत आणि बाजारापर्यंत फिरवलेली गाडी सलग दोन तास पळवली तर काय होतं, हे त्यानं कित्येक वर्षांत बघितलेलंच नसतं. गरम झाल्यावर ती बंद पडते का, हेडलाइट लावून चालवली तर बॅटरी चार्ज होत राहते का, उतारावर मागचा ब्रेक किती पुरतो, कुठला नट ढिला होऊन गळतो, हे सगळं लांबच्या रस्त्यावरच कळतं. शिवाय रोडकिंगची किक आणि गियर एकाच दांडीवर असतात. दांडी आत दाबून वर उभी केली की किक, मारून झाली की तीच खाली पाडून गियर. नवख्याचा पाय पहिल्या दिवशी चुकतोच. तो बसायला शंभरेक किलोमीटर जावे लागतात. घरी आणण्याचा प्रवास हाच गाडी ओळखण्याचा काळ आहे, आणि तो मालडब्यात कुलूपबंद करून घालवणं मला पटत नाही.

शंकेखोर : रस्त्यावर गाडीचे दोष कळतात हे मला मान्य आहे. पण दोष कळतो तेव्हा तुम्ही कुठे असता, हे तुम्ही बोललाच नाहीत. टू-स्ट्रोक इंजिन बरीच वर्षं उभं राहिलं की क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक होतात, चिरतात. बाहेरून काहीच दिसत नाही. एका बाजूचं सील गेलं तर गियरबॉक्समधलं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. ते निदान डोळ्यांना दिसतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर नुसती हवा आत जाते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच, त्यामुळे वंगणही कमी पडतं आणि उष्णता मात्र वाढते. गावात चाळीसच्या वेगानं, सिग्नलला थांबत जाताना हे लक्षात येत नाही. महामार्गावर एकाच वेगानं अर्धा-पाऊण तास पळवली की पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. त्या क्षणी तुम्ही दावणगेरे-हावेरीच्या मधे कुठेतरी असता आणि मागून भरलेला ट्रक येत असतो. ही परीक्षा तुम्हाला घ्यायची असेल तर त्यासाठी अनोळखी रस्ता आणि अनोळखी गाडी या दोन्हींची एकाच दिवशी गरज नाही.

हौशी : सीझ होण्याची भीती खरी आहे, म्हणून तर तयारी करून निघायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं. आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत त्यानं गंज चढतो. जुन्या रबरी नळ्याही ते खातं. तेव्हा नळी नवी, कॉक साफ, प्लग नवा, पॉइंटचा गॅप बघून घेतलेला, क्लच आणि एक्सिलरेटरची जादा केबल बरोबर, जादा ट्यूब बरोबर. लिटरमागे चाळीस-पन्नास मिली टू-टी ऑइल मापानं टाकायचं, अंदाजानं नाही. पन्नास-पंचावन्नच्या वर जायचं नाही आणि डावी दोन बोटं सतत क्लचवर ठेवायची. इंजिनाचा आवाज कोंडल्यासारखा झाला, ओढ कमी झाली की लगेच क्लच दाबायचा. तासाभरानं थांबायचं, प्लग काढून बघायचा. चॉकलेटी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर पुढे जायचं नाही. पांढऱ्या प्लगवर पुढे गेलेला माणूस सीझ झाल्यावर गाडीला दोष देतो, पण गाडीनं त्याला आधी सांगितलेलं असतं. आणि हा मुलूखही अनोळखी म्हणू नका. हासन, अर्सीकेरे, पुढे हुबळी, बेळगाव, या पट्ट्यात येझदी उघडलेले जुने मेकॅनिक अजून हात चालवतात. पुण्या-मुंबईत जे काम येत नाही म्हणून परत पाठवतात, ते तिथे टपरीत होतं.

शंकेखोर : तयारी तुम्ही चांगली सांगितलीत. पण तुमच्याच यादीतून निघतं की गाडी नीट तपासायला दोन दिवस लागणार, सील बदलायचं ठरलं तर इंजिन उघडावं लागणार, म्हणजे आठवडा. तोवर राहायचं कुठे, रजा किती? बहुतेक लोक शनिवारी सकाळी पोचतात, दुपारी पैसे देतात आणि रविवारी रात्री घरी असायचं म्हणून निघतात. माझा विरोध त्या रविवारला आहे. शिवाय रस्ताही तुम्ही समजता तसा राहिलेला नाही. बेंगळूर–म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे, सर्व्हिस रोडनं जावं लागतं. तुम्ही हासनवरून जाल, ठीक. पण पुढे पुणे–बेंगळूर महामार्गाला लागल्यावर सोळा अश्वशक्तीची गाडी पन्नासनं चालवायची म्हणजे दिवसभर डावी कडा धरून, उलट्या दिशेनं येणाऱ्या ट्रॅक्टरांना चुकवत चालवायची. सहाशे किलोमीटरच्या वर. याला मी गाडीची ओळख म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थकलेला माणूस आणि थकलेली गाडी निपाणीच्या पुढे अंधारात येतात, तेव्हा दोघंही कुणाला ओळखण्याच्या स्थितीत नसतात.

हौशी : मग तुम्ही सुचवाल ते रेल्वेनं पाठवणं कसं असतं, तेही जवळून बघा. पार्सल ऑफिसबाहेर टाकी रिकामी करून घ्यावी लागते; पेट्रोल भरलेली गाडी डब्यात चढवणं हा गुन्हाच आहे, आणि तो असायलाच हवा. बाहेर बांधणारी माणसं बसलेली असतात. टाकीवर पेंढा, वर गोणपाट, सुतळीनं आवळलेलं. हेडलाइट आणि इंडिकेटरला पुठ्ठा. वर काळ्या शाईनं कुठून कुठे ते लिहिलेलं. आत आरसीची आणि ओळखपत्राची प्रत द्यायची. इथवर सगळं ठीक. मग रेल्वेगाडी येते. तुम्ही त्याच गाडीचं तिकीट काढून लगेज म्हणून नेत असाल तर निदान ती तुमच्याबरोबर निघण्याची शक्यता जास्त. पार्सल म्हणून टाकलीत तर जागा मिळेल तेव्हा. ब्रेक व्हॅनचं दार उघडं असतं ते थोडा वेळ, तेवढ्यात हमाल हँडल आणि मागचा मडगार्ड धरून ती आत ढकलतात, मिळेल त्या पोत्यांना टेकवतात. क्लचची लिव्हर मोडते, सायलेन्सर दबतो, टाकीला पोचा पडतो. रोडकिंगची मूळची टाकी पोचली तर तशी दुसरी कुठून आणणार? बरं, जिथे गाडी जेमतेम थांबते तिथे असलं पार्सल उतरवत नाहीत, म्हणून मिरजेसारखं मोठं स्टेशन धरावं लागतं आणि तिथून टेम्पो. न्यायला उशीर केलात तर वारफेज चढत जातो. ज्या गाडीसाठी मी वर्षभर शोध घेतला, तिला बटाट्याच्या पोत्यांत टाकून द्यायचं?

शंकेखोर : पोचा पडला तर तो पत्र्याला पडतो. जाम झालेलं चाक आणि मोडलेली लिव्हर यांची तुलना होऊ शकत नाही, आणि माझ्या म्हणण्याचं मूळ तिथेच आहे. एक मात्र तुमच्या बाजूचं आहे आणि ते मीच सांगतो, कारण लोकांना ते माहीत नसतं. रेल्वेला माल देताना किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नाही, तर नुकसानभरपाई नुसत्या वजनाच्या हिशेबानं मिळते. रस्त्यानं ट्रान्सपोर्टला दिली तर किंमत वेगळी जाहीर केलेली नसल्यास मालवाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि नोटीस १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. बिल्टीवर 'जुनी मोटरसायकल' एवढंच लिहून लोक निघून जातात. चेसिस नंबर, जाहीर किंमत, आधीच असलेले ओरखडे, यातलं काहीच लिहीत नाहीत. गाडी ताब्यात देताना चारी बाजूंचे फोटो, मीटरचा फोटो, हे करणारा माणूस विरळा. म्हणजे मी ज्याला सुरक्षित म्हणतो त्या मार्गात माणूस सुरक्षित असतो आणि गाडीला संरक्षण सगळ्यात कमी असतं. हे मी नाकारत नाही.

हौशी : एवढं मान्य करता, तर मग माझं धाडस माझ्यापुरतं आहे असं का म्हणत नाही? धोका मी पत्करतो.

शंकेखोर : कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. तुम्ही शनिवारी पैसे दिलेत, त्यानं मालकी हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, किल्ली दिली. तुमच्या मनानं गाडी तुमची झाली. कायद्याच्या दृष्टीनं ती नाही झाली. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. २०१८ सालच्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. गाडी २००७ साली विकलेली होती, मग हातोहात फिरली, २००९ साली अपघात झाला, आणि नाव बदललेलं नसल्यानं जबाबदारी मूळच्या नोंदणीकृत मालकावर आली. आता तुमचा म्हैसूरचा विक्रेता घ्या. साठीच्या पुढचा निवृत्त माणूस असेल. त्यानं वडिलांची गाडी विकली आणि तो दुपारचा झोपला आहे. चित्रदुर्गच्या पुढे तुमच्या हातून कुणाला धक्का लागला, तर नोटीस त्याच्या दारात येणार. वेगाच्या कॅमेऱ्याचं चलन त्याच्या मोबाइलवर जाणार. गाडी पुढे नको त्या कामाला वापरली गेली तर पोलीस आधी त्याला उठवणार. तुम्ही घरी आणण्याला प्रवास म्हणता. मला तो असा काळ दिसतो, जेव्हा गाडी एकाच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावावर असते. त्या काळात ती जितकी कमी चालेल तितकं बरं.

हौशी : विकणाऱ्याच्या बाजूनं मी हे पाहिलं नव्हतं. पण तुमचा हा मुद्दा रेल्वेच्या बाजूचा नाही, कागदांच्या बाजूचा आहे. मग असं करू. किल्लीच्या आधी कागद. फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून फॉर्म २८ वर एनओसी, सगळं झाल्यावरच गाडी हलवायची. विमा नसेल तर विकणाऱ्याच्याच नावानं आधी तृतीय पक्षाचा घ्यायचा. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे वर्षाला १,३६६ रुपये आणि वर कर. तो मी भरेन. मालकी बदलली की असा विमा गाडीबरोबर जातो असं कायदाच मानतो, फक्त चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळेल आणि म्हैसूरच्या गृहस्थांची झोपही मोडणार नाही.

शंकेखोर : तुम्ही आता खरा लांबचा रस्ता धरलात. म्हैसूर ते कोल्हापूर दोन दिवस. केए-०९ चं एमएच-०९ पासिंग व्हायला मात्र किती दिवस, हे कुणी छातीठोक सांगणार नाही. दोन्ही गावांचा आकडा योगायोगानं एकच, पण मधे दोन राज्यांचे आरटीओ आहेत. नव्वद सालची गाडी म्हणजे पुस्तकातली आरसी. ती संगणकावर चढलेली नसेल तर आधी तिथे बॅकलॉग एंट्री. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. ते राहून गेलं असेल तर तेही विकणाऱ्यानं तिथेच करून द्यायला हवं. मग एनओसी. मग इकडे नवा नंबर, महाराष्ट्राचा कर, हरित कर, नवी पाटी. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घेणं बंधनकारक आहे. ही मुदत चैनीसाठी दिलेली नाही, पण निम्मे हौशी तिला तशीच वापरतात आणि परक्या पाटीवर वर्षानुवर्षं फिरतात. आणि हे सगळं होईपर्यंत तो विकणारा तुमच्यासाठी थांबेल? त्याच्याकडे दुसरा गिऱ्हाईक रोख घेऊन उभा असतो.

हौशी : थांबेल, जर मी स्वतः जाऊन टोकन दिलं आणि त्याच्या अंगणात बसून गाडी बघितली तर. फोनवरून पैसे पाठवणाऱ्याला मीही मूर्ख म्हणेन. फौजेत असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतो, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा, अशी फसवणूक इतकी झाली आहे की आता त्या गोष्टीत नवीन काही राहिलेलं नाही. मी जाईन. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घेईन, जसा आरटीओत लागतो. अक्षरांची ठेवण सारखी आहे का, एखाद्या आकड्याभोवती पत्रा घासलेला दिसतो का, रंगाचा थर नवा आहे का, हे त्या ठशात डोळ्यांपेक्षा चांगलं दिसतं. मग इंजिन नंबर. जुन्या येझदीत इंजिनं सर्रास अदलाबदल झालेली असतात, आणि कुणाच्याही वाईट हेतूनं नाही. एक बिघडलं, भंगारातून दुसरं आणलं, बसवलं, गाडी चालली. पण पुस्तकातला नंबर जुळत नसेल तर मी गाडीला हात जोडून परत येईन. जुळला तर दोन दिवस राहीन. एक दिवस श्रीरंगपट्टण, नंजनगूड. दुसऱ्या दिवशी चामुंडीचा डोंगर, दुपारच्या उन्हात, कारण चढावर गरम झाल्यावरच तिचं खरं रूप दिसतं. आणि मग कोल्हापूर.

शंकेखोर : इथे मी तुम्हाला अडवतो, कारण तुमच्याच बोलण्यात तुमचा पहिला मुद्दा सुटला. सुरुवातीला तुम्ही म्हणालात की रस्त्यावर गाडीचे दोष कळतात. आता चामुंडीवर ते कळलेत. पैसे द्यायच्या आधी कळलेत, म्हणजे उपयोगाच्या वेळी कळलेत. कोल्हापूरला येताना जे कळेल ते पैसे दिल्यानंतर. तेव्हा कळून तुम्ही काय करणार? हावेरीहून गाडी परत करायला जाणार नाही. मग ते सहाशे किलोमीटर तपासणी म्हणून मोजूच नका. सलग चालवून बघायचं राहिलं असेल तर गाडी तुमच्या नावावर झाल्यावर गगनबावड्याला जाऊन या. तिथे बंद पडली तर तासाभरात टेम्पो येईल. तेव्हा आता खरं सांगा, चालवत आणण्यामागे नेमकं काय आहे?

हौशी : विचारलंत ते बरं केलंत. तपासणी नाही, हे मान्य. मला वाटतं, माझ्या मनात गाडीची जबाबदारी घेण्याचा काहीतरी रीतसर आरंभ हवा आहे. जुन्या गाड्यांचा बाजार तुम्ही बघता ना? म्हैसूर, बेंगळूरहून ट्रकच्या ट्रक भरून गाड्या निघतात, पुण्यात उतरतात, रंग मारून दुप्पट दरानं पुढे जातात. कुणीही त्यांच्यावर बसत नाही. चांगली गाडी सुटी करून तिची टाकी एकाला, इंजिन दुसऱ्याला विकतात. ज्या गावानं पस्तीस वर्षं त्या बनवल्या, त्या गावातल्या गल्ल्यांतून त्या संपत चालल्या आहेत, याचं मला वाईट वाटतं, आणि मीही तिथून एक घेऊनच येणार आहे. सहाशे किलोमीटर जिच्यावर बसलो, वाटेत जिचे पॉइंट घासले, ती गाडी मी चार महिन्यांनी नफ्यासाठी विकणार नाही. पार्सलनं आलेली कदाचित विकेन. एवढाच फरक, पण तो मला मोठा वाटतो.

शंकेखोर : हे कारण मला आधीच्या सगळ्या कारणांपेक्षा प्रामाणिक वाटतं, आणि म्हणून खोडायला अवघडही. पण ते तुमच्याबद्दलचं कारण आहे. गाडीशी स्वतःला बांधून घ्यायला तुम्ही ज्या रस्त्यावरून जाणार, तिथे शाळा सुटलेली मुलं आहेत, ऊसगाड्या आहेत. शिवाय टीटी फॉर्मवर सही करणारे ते गृहस्थ कर्नाटकातून गाडी बाहेर जाते एवढंच जाणतात. एनओसी निघाली तरी इकडे नोंद होईपर्यंत नाव त्यांचंच असतं, त्यांचा धोका तुमच्या कागदांच्या शिस्तीनं कमी झाला, संपला नाही. तेव्हा किल्ली घेण्याआधी त्यांना २०१८ चा तो निकाल सांगाल का? साध्या कानडीत, त्यांच्या मुलालाही समोर बसवून?

हौशी : सांगेन. दुभाषा शोधून सांगेन. ऐकल्यावर त्यांनी नको म्हटलं, तर त्याच संध्याकाळी गोणपाट आणि पेंढा. पण सगळं समजून घेऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, तर मी पार्सल ऑफिसला जाणार नाही.

शंकेखोर : त्यांचा होकार त्यांच्या वाट्याच्या धोक्यापुरता झाला. हासनच्या बाहेर सायकलवरून घरी निघालेल्या माणसाला कोण विचारणार?

हौशी : त्याला विचारता येत नाही. नव्या गाडीवर बसतानाही आपण त्याला विचारत नाही.

शंकेखोर : नव्या गाडीचं सील चिरलेलं असण्याची शक्यता आणि तुमच्या गाडीचं असण्याची शक्यता सारखी आहे का?

हौशी : नाही. म्हणून सील बदलूनच निघायचं, मग आठवडा लागो. रविवारचा हट्ट मी सोडतो.

शंकेखोर : मग आठवडाभरानं, सील बदलल्यावर, प्लग चॉकलेटी आल्यावर पुन्हा विचारा. तेव्हाही मी रेल्वेच म्हणेन, पण आजच्याइतक्या जोरानं म्हणेन की नाही, हे मला आत्ता सांगता येणार नाही.